तांबड्या रेघेपलीकडचे दिवे

५ मार्च

ती. वहिनींस,

नमस्कार. हे पत्र लिहायची वेळ माझ्यावर आली ती तुमच्या पार्सलामुळे. काल दुपारी मुलांच्या वॉर्डात एक खोकं आलं. आत कापडाचे चाळीस ससे. वर चिठ्ठी: ‘ऑपरेशनला जाणाऱ्या मुलांना भीती वाटू नये म्हणून, शनिवारच्या शिवणवर्गाकडून.’ मला आधी ना विचारलंत ना कळवलंत. मी या हॉस्पिटलची मेट्रन आहे हे तुमच्या घरात सगळ्यांना ठाऊक असावं, असा माझा समज होता.

सगळे ससे परत पाठवत आहे. कापूस भरलेली वस्तू उकळली तर आतून वाळत नाही आणि ओला कापूस म्हणजे जंतूंना आयतं बिऱ्हाड. एका सशाचं बटण मी ओढून पाहिलं, दुसऱ्या हिसक्याला हातात आलं. ते एखाद्या पोराच्या नाकात गेलं असतं तर काढायला कोणाला बोलावणार होतात? तीन सशांना मांजराचे केस चिकटले होते. शिवाय थिएटरकडे जाणाऱ्या कॉरिडॉरच्या तोंडाशी जमिनीवर तांबडी रेघ आखलेली आहे. तिच्या पलीकडे आई जात नाही, बाप जात नाही, मग ससा कुठून जाणार?

वेळही अशी साधलीत की विचारू नका. काल मंगळवार, बाहेरगावचे हाडांचे सर्जन येण्याचा दिवस. एक मंगळवार सोडून ते येतात. सात नंबरच्या खाटेवर सहा वर्षांची मुलगी आहे, खुब्याचं हाड जागेवर नाही. काल तिला दुसऱ्यांदा थिएटरच्या दारातून परत आणावं लागलं. तांबडी रेघ ओलांडली की ती किंचाळायला लागते, ती ओकारी होईपर्यंत. छाती नाजूक, म्हणून आधी गुंगीचं औषध देता येत नाही. रडून श्वास लागला की भूल देणारे डॉक्टर साफ नाही म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. सर्जन एप्रिलच्या पहिल्या मंगळवारनंतर वर्षभर येणार नाहीत. वाढतं हाड वर्षभर थांबत नाही. ती आत गेली नाही तर जन्मभर लंगडणार. अशा दिवशी मला ससे मोजत बसावं लागलं.

आणि तुमच्या नातीचं, टिटवीचं उदाहरण घरात असताना हे लाड सुचावेत, याचं नवल वाटतं. गेल्या वर्षी तिच्या नडगीचं ऑपरेशन इथेच झालं. मी स्वतः स्ट्रेचरबरोबर चालत होते. पोरीने चकार शब्द काढला नाही. एकतीस वर्षांत इतकं शहाणं मूल मी पाहिलेलं नाही. तिला विचारा, तिला कुठे ससा लागला होता?

दादाला नमस्कार.

तुमची नणंद

१० मार्च

प्रिय वन्सं,

ससे सुखरूप घरी पोचले. प्रवासात कुणालाही लागलं नाही.

न विचारता पाठवले ही चूक माझी, कान पकडते. तुमच्या नाकावर माशी बसत नाही हे ठाऊक असून मी थेट चाळीस ससे बसवले. खोकं उघडलं तेव्हा वर्गातली अकराच्या अकरा पोरं दोन मिनिटं गप्प होती, आणि आमच्याकडे हा विक्रम आहे. मग एकाने विचारलं, मेट्रन म्हणजे पोलीस का? तुमचे दादा पडद्याला इस्त्री करत होते, ते मान वर न करता म्हणाले, छे, पोलीस कधीतरी सुट्टी घेतात.

मांजर माझ्या पडद्यांच्या दुकानातलंच. कापडाच्या तागांवर झोपतं.

आता एक गोष्ट लिहिते. वर्षभर लिहिली नाही, कारण तुम्ही मनाला लावून घ्याल आणि वर कबूल करणार नाही. तुमचं पत्र मी वर्गात मोठ्याने वाचलं. टिटवी टेबलापाशी कापड कापत होती. तिच्या शहाणपणाचं वाक्य आलं तशी कात्री थांबली. म्हणाली, ‘मी शहाणी नव्हते, आजी. मला आवाजच फुटत नव्हता.’

वन्सं, त्या दिवशी रेघेपाशी तुम्ही तिला सांगितलंत, ‘आपल्या घरात कुणी रडत नाही.’ तिने ते घट्ट धरलं. गाल आतून चावून चावून फोडला होता. आठवडाभर सूप नको म्हणत होती आणि आपण समजलो, औषधाने तोंडाची चव गेली. घरी आल्यावर तीन महिने पाठीवर निजली नाही. वर छत दिसतं म्हणाली. त्या कॉरिडॉरमध्ये तिने काय केलं माहीत आहे? छतावरचे दिवे मोजले. दिवे मोजले नसते तर उठून पळाले असते, असं म्हणते.

ससे ही तिचीच कल्पना. तुम्ही चांगल्या मनानेच बोलला होतात, हे मला कळतं. तिलाही कळतं. म्हणून तर पार्सल तुमच्याच वॉर्डाला पाठवायचं असा तिचा हट्ट होता.

तिची चिठ्ठी सोबत आहे. मी एक अक्षर सुधारलेलं नाही.

तुमची वहिनी

आत्याआजी,

ससे चुकले हे मला कळलं. रागावू नकोस. मला माहिती पाहिजे. तुमच्याकडे वस्तू किती वेळ उकळतात? रंगीत दोरा चालतो का? किती लांब चालतं? मूल ती वस्तू झोप येईपर्यंत हातात धरू शकेल का, की दारापाशी काढून घेता? माझ्याकडून तुम्ही केसांची पिन काढून घेतली होती आणि मग माझ्या हातात काहीच नव्हतं. सात नंबरचं नाव काय आहे? आजी म्हणते तिला सगळे सात नंबरच म्हणतात. ते बरं नाही.

टिटवी

१८ मार्च

चि. टिटवीस,

उत्तराला उशीर झाला. काम होतं.

प्रश्न चांगले विचारलेस, म्हणून नीट उत्तर देते. वस्तू वीस मिनिटं उकळते, मग वाफेच्या यंत्रात जाते. कापड सुती आणि पांढरं हवं. दोरा पांढराच, रंग उतरतो. आत काही भरायचं नाही. बटण, मणी, लोकर नको. गाठीही नकोत, गाठीच्या पोटात ओल राहते. लांबी मुलाच्या वितीपेक्षा जास्त नको, लांब पट्टी गळ्याभोवती किंवा चाकात अडकते. एवढं पाळलंत तर मूल ती वस्तू झोप लागेपर्यंत हातात धरू शकेल. डॉक्टरांना मी सांगेन.

सात नंबरला आज सर्दी-खोकला आहे, त्यामुळे आजचा मंगळवार असाच गेला. आता एकच उरला, एक एप्रिल. नाव मी तुला कळवू शकत नाही, तसा नियम आहे. आयाबाई तिला ‘फौजदार’ म्हणतात. खाटेवर बसून सगळ्या वॉर्डाला हुकूम सोडत असते, फक्त रेघ ओलांडेपर्यंत.

तू दिवे मोजलेस असं कळलं. किती होते?

तुझ्या आजीने जे लिहिलं ते मी वाचलं आहे.

दिवे किती होते ते नक्की आठवत असेल तरच लिही.

आत्याआजी

२१ मार्च

प्रिय वन्सं,

हे कुरिअरने पाठवते आहे, पोस्टावर विसंबायला वेळ नाही. एका पानाच्या पत्रात तुम्ही ‘दिवे किती’ हे दोनदा विचारलंत. तुम्ही एक गोष्ट दोनदा विचारल्याचं मला लग्न होऊन या घरात आल्यापासून आठवत नाही. बाकी काही बोलत नाही.

नमुना पाहा. पांढरी सुती पट्टी, दुहेरी, एक वीत लांब. तिच्यावर आडव्या बारीक चुण्या शिवल्या आहेत, पडद्याच्या झालरीला घालतो तशा, पण उभारलेल्या, म्हणजे अंगठ्याला एकेक वेगळी लागते. एक चुणी म्हणजे एक दिवा. डोक्यावरून दिवा गेला की अंगठा पुढच्या चुणीवर. चुण्या बावीस. टिटवीला आकडा शपथेवर पाठ आहे.

हे सुचलं कसं, ते ऐका. माझ्या कटिंगच्या टेबलाला चाकं आहेत. पोरांनी एकेकाला त्यावर निजवलं आणि दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकललं, हातात वेगवेगळ्या वस्तू देऊन. रुमाल दिला, तर पोरं तोंडावर घ्यायला लागली. नुसती पट्टी दिली, तर दोन फेऱ्यांत कंटाळली. एक मुलगी कधीतरी लिफ्टमध्ये अडकली होती, ती म्हणाली, मला तिथे कुणी धीर दिला नव्हता, मी बटणांचे आकडे वाचत बसले होते. तशी टिटवी टेबलावरून टुणकन उठली. पुढचं मी फक्त शिवणयंत्रावर बसून केलं. मध्ये एक गिऱ्हाईक सोफ्याचे अभ्रे न्यायला आलं, ते हे सगळं बघून अभ्रे न घेताच गेलं.

कुकरमध्ये पाच वेळा उकळून पाहिली. चुण्या जशाच्या तशा.

तुमची वहिनी

२६ मार्च

ती. वहिनींस आणि चि. टिटवीस,

पत्र दोघींना आहे, कारण चूक सांगायची आहे.

तुमचा नमुना मी तपासला. कापड चांगलं, शिलाई चांगली, वाफेतून कोरडा बाहेर आला. सोमवारी आणि काल मिळून तीन मुलांना दिला. दोघांचं ठीक झालं, पण ती दोघं तशीही शांत होती. तिसरी अकरा नंबर, टॉन्सिलची. बडबडी मुलगी. मोठ्याने मोजत निघाली, अंगठा बरोबर चालला होता. बाविसावी चुणी आली आणि ती म्हणाली, ‘संपलं.’ वर पाहिलं तर पुढे अजून एक दिवा. ती स्ट्रेचरवर उठून बसली. ‘संपलं ना? मग हा कुठून आला?’ तिला वाटलं, आपल्याला फसवलं. स्ट्रेचरवाल्या मामांनी समजूत घालून कशीबशी आत नेली. हेच सात नंबरच्या बाबतीत झालं असतं तर संपलंच होतं.

मी मोजायला गेले. दिवे तेवीस आहेत. टिटवीची मोजणी चुकली असं तुम्हाला खडसावून लिहायचं ठरवलं आणि कागदही पुढे ओढला. मग वाटलं, ज्या मुलीने गाल फुटेपर्यंत मोजलं ती एक दिवा विसरेल का? दिव्यांच्या तक्रारींची वही काढली. गेल्या वर्षी नऊ फेब्रुवारीला चौदावा दिवा गेला. बारा फेब्रुवारीला नवा बसवला. टिटवीचं ऑपरेशन अकराला. दोन्ही नोंदींखाली सही माझी आहे.

म्हणजे टिटवीने बरोबर मोजलं. दिवा मी तीन दिवस बंद ठेवला होता.

आकडा समजला तरी मन भरेना. काल जेवणाच्या सुट्टीत मी स्ट्रेचरवर आडवी झाले आणि मामांना म्हटलं, चला. ते म्हणाले, बाई, तुम्हाला बरं नाही का? म्हटलं, ढकला. या कॉरिडॉरमधून मी एकतीस वर्षं चालते आहे, तो निजून कधी पाहिला नव्हता. माणसांचे चेहरे उलटे दिसतात आणि सगळ्यांच्या नाकपुड्या मोठ्या असतात. डाव्या बाजूचं मागचं चाक कुरकुरतं. त्याला तेल घालायला सांगितलं आहे. तेविसावा दिवा संपल्यावर दारापर्यंत सहा पावलांची जागा आहे, तिथे वर काहीच नाही. तिथे स्ट्रेचर थांबतं, आतून दार उघडेपर्यंत. मी घड्याळ लावलं. पाऊण मिनिट. तेवढ्यात थिएटरची नर्स फाइल पुढे करते आणि आपण सही करतो. मीही इतकी वर्षं तिथेच सह्या करत आले आहे, टिटवीच्या वेळीही.

त्या पाऊण मिनिटात मला काय वाटलं ते मी लिहिणार नाही. टिटवीला ते माहीत आहे.

तर आता मला सांगा, दिवे संपल्यावर पुढे काय करायचं? मला सुचत नाही. मंगळवारला सहा दिवस आहेत.

टिटवी, मी तुला त्या दिवशी जे सांगितलं ते चुकीचं होतं. आपल्या घरात माणसं रडतात. मी स्वतः पाहिलं आहे.

आत्याआजी

२८ मार्च

आत्याआजी,

तुझं पत्र मी वर्गात वाचलं नाही, फक्त दिव्यांचं सांगितलं. सगळे म्हणाले, मेट्रन स्ट्रेचरवर झोपली हे खोटं आहे. मी पैज जिंकले.

चुण्या आता तेवीस आहेत. आणि टोकाला बघ, एक छोटा खिसा आहे, तो दोन्हीकडून उघडा आहे. एकीकडून मुलाने अंगठा घालायचा आणि दुसरीकडून बरोबरच्या मोठ्या माणसाने. आत दोन्ही अंगठे एकमेकांना लागतात. हे मी केलं कारण तिथे मोठी माणसं हात सोडतात आणि कागद बघतात. अंगठा खिशात असला तर सही करता येत नाही. मोठ्या माणसाने उजवाच घालायचा. तू डावखुरी नाहीस ना?

आधी खिसा लहान झाला होता, आबांचा अंगठा अडकला आणि कापावा लागला. खिसा कापावा लागला, अंगठा नाही.

अजून एक. ही पट्टी नर्सने द्यायची नाही. जे मूल आत जाऊन परत आलं आहे त्याने पुढच्याला द्यायची आणि कशी वापरायची ते त्यानेच सांगायचं. मोठी माणसं म्हणतात काही होत नाही, पण ती जाऊन आलेली नसतात. टॉन्सिलवालीला सांग ना.

फौजदारला माझी चिठ्ठी दे. तिला वाचता येत नसेल तर तूच वाच, पण मधलं काही गाळू नकोस.

टिटवी

फौजदार,

मी टिटवी. मी तिथे जाऊन आले. तुला सगळे सांगतील की घाबरायचं नाही. मला भीती वाटली होती. खूप. दिवे तेवीस आहेत, मी बावीस मोजले होते कारण एक बंद होता, तो आता चालू आहे. तेविसाव्यानंतर अंधार नाही, फक्त दिवा नाही. तिथे थांबावं लागतं. तिथे मेट्रनबाई अंगठा धरतील, त्यांनी कबूल केलं आहे. रडलीस तरी चालतं. फक्त मोजणं सोडू नकोस. मी रडले नाही, ती माझी चूक झाली. मला आता पळता येतं.

२ एप्रिल

ती. वहिनींस,

वर्गातल्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. मी परवानगी देते.

टिटवीने परस्पर माझ्या नावाने कबुली देऊन टाकली होती, तेव्हा पाळण्यावाचून इलाज नव्हता. चिठ्ठी सोमवारी संध्याकाळी वाचून दाखवली. सात नंबरने ती तीनदा वाचायला लावली. ‘मला आता पळता येतं’ हे शेवटचं तिने स्वतः बोट ठेवून पुन्हा विचारलं, खरं का म्हणून. मी म्हटलं, खरं आहे, ती माझ्या भावाची नात आहे आणि पळताना माझा चहाचा कप फोडून गेली आहे.

पट्टी द्यायला टॉन्सिलवालीला नेलं. डॉक्टरांनी तिचं बोलणं बंद केलेलं. तिने खाटेवर बसून सगळं हातवाऱ्यांनी सांगितलं: निजायचं, वर बघायचं, अंगठा सरकवायचा. तेविसाव्याला तिने दोन्ही हात असे झटकले की आयाबाईंना हसू आवरेना. मी मध्ये काही समजावून सांगायला गेले तर तिने माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं.

काल सकाळी नऊ वाजता निघालो. सात नंबरची आई रेघेपाशी थांबली. तिला मी पाणी द्यायला सांगितलं, मुलीपेक्षा तिलाच धीर हवा होता. रेघ ओलांडली आणि मुलीने श्वास ओढला. मला वाटलं, झालं. तेवढ्यात ती ओरडली, ‘एक.’ ओरडलीच, पण आकडा ओरडली. दोन, तीन. सहाव्याला मामा भराभर चालायला लागले, तशी तिने त्यांना थांबवलं आणि बजावलं, ‘हळू. माझा अंगठा मागे राहिला.’ मामांनी स्ट्रेचर चक्क एक पाऊल मागे घेतलं. चौदाव्याला तिने मला विचारलं, बंद होता तो हाच का? हो म्हटलं. ती म्हणाली, ‘लक्ष ठेवत जा.’

सतराव्यापासून रडायला लागली. आकडे हुंदक्यांतून येत होते, पण एकही गाळला नाही. अठराव्याला मामा हलकेच तिच्याबरोबर मोजू लागले, मग समोरून येणारी एक नर्स, मग मी. वहिनी, मी आयुष्यात कधी कुणाच्या सुरात सूर मिळवला नाही. काल मिळवला.

तेवीस झाले. स्ट्रेचर थांबलं. मी उजवा अंगठा खिशात घातला. तिचा आधीच आत होता, गार आणि ओला. थिएटरच्या नर्सने नेहमीप्रमाणे फाइल पुढे केली. मी म्हटलं, थांबा. तिने पुन्हा पुढे केली, तिला वाटलं मी ऐकलं नाही. मी म्हटलं, ‘हात मोकळा नाही.’ एकतीस वर्षांत सहीचा कागद प्रथमच माझ्यासाठी थांबला, आणि काही बिघडलं नाही.

मुलगी रडत होती, पण किंचाळत नव्हती. श्वास चालू होता, लागला नव्हता. भूल देणारे डॉक्टर दारातून पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते दार पूर्ण उघडून बाजूला झाले. आणि सात नंबरने आपला अंगठा काढला आणि मला म्हणाली, ‘सोडा आता. मला आत जायचंय.’

मी सोडला.

सव्वातीन तास लागले. सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, हाड असं बसलं आहे की जणू तिथेच होतं. मग विचारलं, पोरीने हातात काय धरलं होतं? झोपल्यावरही मूठ उघडेना. मी सांगितलं. ते म्हणाले, कोणत्या कंपनीचं आहे? मी म्हटलं, माझ्या वहिनीच्या दुकानातली अकरा माणसं आहेत, सगळ्यात मोठं बारा वर्षांचं.

तुमची नणंद

६ एप्रिल

प्रिय वन्सं,

वाचलं. ‘सोडा आता’पर्यंत पोचले आणि माझा चष्मा धुरकट झाला, तेव्हा पुढचं टिटवीने वाचलं. हाड बसल्याचं वाक्य आलं आणि जो गलका झाला तो काय सांगू. लिफ्टवाली टेबलावर चढली, पोरांनी तिला टेबलासकट दुकानभर फिरवलं, पुढे फुटपाथवर नेलं, तिथून चपलांच्या दुकानापर्यंत. चपलांवाले बाहेर आले, काय झालं विचारायला. तुमच्या दादांनी इस्त्री उभी ठेवून सांगितलं, आमच्या पोरांनी एक मुलगी चालती केली. चपलांवाले म्हणाले, मग तिचे पहिले जोडे माझ्याकडून. माप कळवा.

टिटवी ओरडली नाही. ती मागच्या खोलीत गेली आणि धाय मोकलून रडली. चांगली दहा मिनिटं. मी दारात उभी राहिले, आत गेले नाही. मग नाक पुसत आली आणि म्हणाली, साठ पट्ट्या लागतील, निदान. वर्षभराचं राहून गेलेलं एका झटक्यात निघालं, वन्सं. इतकं हलकं तोंड मी तिचं कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

पोरांच्या शाळेतल्या बाईंनी आणखी एका वर्गातली नऊ मुलं पाठवली आहेत. आता शिवणवर्ग शनिवारी आणि बुधवारी. दातांच्या डॉक्टरांकडे जाणाऱ्या मुलांसाठी वेगळी पट्टी लागेल का, यावर कालपासून भांडणं चालू आहेत. तुमचे दादा म्हणतात, तुम्ही दातांच्या खुर्चीत जाऊन निजून पाहा.

तुमची वहिनी

१५ एप्रिल

ती. वहिनींस,

जोड्याचं माप प्लास्टर निघाल्यावर कळवीन. दातांच्या खुर्चीत मी गेल्या गुरुवारी निजून आले. तिथे दिवा एकच आहे, तेव्हा मुलांना म्हणावं, काही वेगळं शोधा.

वॉर्डाच्या वहीत आज केलेल्या नोंदीची नक्कल खाली देत आहे. टिटवीला दाखवा.

तुमची नणंद

‘मुलांचा वॉर्ड. शिवणवर्गाकडून कापडी पट्ट्या आल्या, साठ. पांढऱ्या, प्रत्येकीला तेवीस चुण्या व टोकाला दुतोंडी खिसा. मेट्रन व खाट सात यांनी वेगवेगळ्या मोजल्या, आकडा जुळला. एका पट्टीत चुण्या चोवीस निघाल्या, ती दुरुस्तीला परत. एकोणसाठ उकळून, वाफ देऊन वॉर्डाच्या कपाटात ठेवल्या. कपाटाची किल्ली आयाबाईंकडे. पट्टी देण्याचा अधिकार जाऊन आलेल्या मुलाचा, नर्सचा नाही. दाराशी अंगठा सुटेपर्यंत कोणताही कागद पुढे करू नये.

पैकी एक पट्टी आज सकाळी सव्वानऊ वाजता खाट सात, फौजदार, वय सहा, उजव्या पायाला प्लास्टर, हिने खाट चार, वय पाच, उद्या ऑपरेशन, हिच्या हाती दिली. वापरायला शिकवण्यास अकरा मिनिटं लागली. मेट्रन हजर होत्या. त्यांना मध्ये बोलू दिलं नाही.’